धुऱ्यावरून सायकल उचलून नेणाऱ्यांचा खेळ

सायक्लोक्रॉस हे नाव दिग्रसच्या बाजारात कुणाला सांगितलं तर तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. पण खेळ काय आहे ते सांगून पाहा. गवत, चिखल, रेती, चढ अशा अडीच ते साडेतीन किलोमीटरच्या वाटेवर साधारण तासभर फेऱ्या मारायच्या. वाटेत आडव्या फळ्या आल्या की उतरायचं, सायकल उचलायची, पळायचं आणि पळता पळताच पुन्हा टांग मारायची. एवढं ऐकलं की आमच्याकडचा कोणताही शेतकरी म्हणेल, "मंग त्याच्यात नवं काय हाये? पावसाळ्यात वावरात जाताना आमी तेच त करतो."

त्याचं म्हणणं बरोबरच आहे. हा खेळ जन्मला तोही असाच. युरोपात रस्त्यावरच्या शर्यतींचा हंगाम संपला की थंडीत अंग मोकळं ठेवायला स्वार शेतं तुडवत, कुंपणं ओलांडत सायकली दामटायचे. फ्रान्सने १९०२ मध्ये त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्टाव लापीझने आपल्या यशाचं श्रेय हिवाळ्यातल्या या सरावाला दिलं, तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. पहिली जागतिक स्पर्धा झाली १९५० मध्ये, पॅरिसला. तेव्हाच्या सायकली रस्त्यावरच्याच होत्या, थोड्या ठोकून-ठाकून घेतलेल्या.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आम्ही सात-आठ जणांनी यंदा दिवाळीनंतर, सोयाबीन घरात आलं की, बरडीच्या एका पडीत जमिनीवर आपसात अशी शर्यत घ्यायचं ठरवलं, आणि पहिला सल्ला आला तो असा: "त्याला वेगळी सायकल लागते." ती वेगळी सायकल लाखाच्या आसपास जाते. तेवढ्या पैशात चांगली जुनी मोटरसायकल येते. घरी यातलं काय आणावं यावर अम्मीचं मत काय पडेल, ते वेगळं सांगायला नको.

माझं मत असं की पहिल्या शर्यतीला वेगळी सायकल लागत नाही. घरात आहे ती माउंटन बाईक पुरते. दोन खेळांत भिंत नाही, हे वरच्या पातळीवरही दिसतं. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने २०२१ मध्ये टोकियोत माउंटन बाईकचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि काही महिन्यांत, जानेवारी २०२२ मध्ये, तोच सायक्लोक्रॉसचा विश्वविजेता झाला. अर्थात त्याच्याकडे दोन्हीकडे वेगवेगळ्या सायकली होत्या. पाय मात्र तेच होते.

सायकलीत बदल करायचे म्हणजे आधी काढायचं. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, घंटी, बाटलीची जाळी, सगळं उतरवा. बाटलीची जाळी का, तर सायकल खांद्यावर घेताना फ्रेमच्या त्रिकोणात हात आणि खांदा घालावा लागतो. माउंटन बाईकचा वरचा नळा उतरता असतो, त्यामुळे तो त्रिकोण आधीच लहान. त्यात जाळी असली की कोपर अडकतं. वरच्या नळ्याखालून गियरच्या केबल जात असतील तर त्या खांद्यात रुततात, म्हणून तिथे जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घ्या. हँडलच्या टोकांना शिंगं लावलेली असतील तर तीही काढा. गर्दीत ती शेजारच्याच्या बरगडीत घुसतात.

आता खर्च करायचा तो टायरवर. इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: २९ इंची माउंटन बाईक आणि रस्त्यावरची ७०० सी सायकल यांच्या रिमचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर. म्हणजे २९ च्या चाकावर बारीक टायर चढतो. मी ४० मिलिमीटरचा घेतला. आंतरराष्ट्रीय शर्यतीत ३३ पेक्षा रुंद टायर चालत नाही, पण बरडीवर पट्टी घेऊन मोजायला कोणी येणार नाही, आणि माउंटन बाईकच्या रुंद रिमवर ३३ चा टायर नीट बसतही नाही. ज्यांची चाकं २६ किंवा साडेसत्तावीस इंची आहेत त्यांनी त्याच मापात मिळेल तो बारीक, खाचांचा टायर घ्यावा.

बारीक टायर वेगासाठी, असं वाटेल. आपल्याकडे कारण वेगळं आहे. यवतमाळची काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. कापसाला ती मानवते, चाकाला नाही. पाऊस पडून गेल्यावर पांदणीतून सायकल नेली तर पन्नास पावलांत टायर आणि चिमट्याच्या मधली जागा भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मग काडीने माती उकरत बसा. टायर बारीक असेल तर दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहते आणि माती पडून जाते. बेल्जियममध्ये मोठे स्वार चिखलाच्या दिवशी वाटेत थांबून सायकलच बदलतात. एक धुतली जाते तोवर दुसरी चालते. आपल्याकडे सायकल एकच आणि पाण्याची बादलीही विहिरीवरून आणायची. म्हणून मी शर्यतीसाठी मुरमाड जमीन धरून बसलोय, आणि तीही वाफसा आल्यावरच. काळ्या रानात ओल असताना सायकली घातल्या तर शर्यतही होणार नाही आणि रानही तुडवलं जाईल.

बाकी गोष्टींना हात लावू नये. रस्त्यावरच्या सायकलीसारखं वाकडं हँडल बसवायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. माउंटन बाईकची फ्रेम सरळ हँडलसाठी लांब ठेवलेली असते. वाकडं हँडल लावलं की हात आणखी पुढे जातात. वर ब्रेकची मूठ बदला, गियरची मूठ बदला, कारण तार ओढण्याचं माप जुळत नाही. पैसे जातात आणि सायकल बिघडते. पुढचा उसळणारा चिमटा जड असतो हे खरं, पण त्याच्या जागी कमी उंचीचा साधा चिमटा टाकला तर पुढची बाजू खाली बसते आणि वळण विचित्र होतं. लॉक असेल तर लॉक करा, नसेल तर राहू द्या. गियरचं म्हणाल तर मी पुढचा डिरेलर काढून साखळी मधल्या चकतीवर ठेवली आहे. मोठी चकती तशीच ठेवली, तिच्यामुळे साखळी बाहेर पडत नाही. चढ फारच उभा आला तर? उतरून पळायचं. या खेळात ती लाजेची गोष्ट नाही, बरेचदा तेच लवकर होतं.

राहिला काट्यांचा प्रश्न, आणि तो युरोपातल्या कुठल्याच सल्ल्यात सापडत नाही. बाभळीचा काटा, सराटा. हवा कमी ठेवली तर पकड चांगली मिळते, मी ३५ ते ४० पीएसआयवर ठेवतो, पण काट्याला हवेशी देणंघेणं नाही. तरुण मुलं ट्यूबमध्ये सीलंट ओततात. आमच्या सायकल मिस्त्री चाचांचा उपाय जुना आहे: फाटलेली ट्यूब उभी चिरायची आणि टायरच्या आत अस्तरासारखी पसरायची. वजन थोडं वाढतं, काटा मात्र ट्यूबपर्यंत पोचत नाही. चाचा म्हणतात, "बेटा, चाक फिरलं पाहिजे. बाकी सगळं नंतर." पाहायला गेलं तर सायक्लोक्रॉसचं सगळं यंत्रशास्त्र त्यात आलं.

इथे थोडं थांबतो. 'पंक्चरवाला' हा शब्द आमच्या लोकांना टोमणा म्हणून ऐकवला जातो, हे वाचकांना ठाऊक आहे. उत्तर म्हणून आपण डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या पोरांची यादी वाचतो. मला ती यादी वाचायला आवडत नाही, कारण त्यात चाचांची बाजू कोणी घेत नाही. तारा ताणून वाकडं चाक सरळ करणं हे हुन्नर आहे. ज्या देशांत हा खेळ मोठा आहे तिथे मिस्त्री स्वाराइतकाच महत्त्वाचा असतो, त्याच्यावाचून शर्यत सुरूच होत नाही.

विदर्भाला सायकलीचं वावडं नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. पण ती हजारो किलोमीटरची वाट, मागे मदतीची गाडी आणि मोठा खर्च. सायक्लोक्रॉसला एक पडीत वावर पुरतं, आणि पाहणाऱ्याला एका जागी उभं राहून स्वार दर फेरीला दिसतो. म्हणूनच मला तो गावांचा खेळ वाटतो.

आणि मुलींचाही. माझी भाची नववीत आहे. मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, तशी तिलाही मिळाली. तिने विचारलं, "मामू, माझ्या सायकलवर चालेल?" बास्केट आणि कॅरिअर काढलं तर चालेल. मुलींच्या सायकलीला वरचा दांडा नसतो, त्यामुळे खांद्यावर घेणं अवघड. पण उतरताना टांग फिरवावी लागत नाही, फळीपाशी ती माझ्याआधी जमिनीवर असेल. घरात यावर दोन मतं आहेत. माझं एक आहे, आणि ते मी सांगून टाकलंय.

फळ्या ठरल्या आहेत: ४० सेंटीमीटर उंच, दोन, मध्ये चार मीटर अंतर. मांडववाल्याकडून मिळतील. पंप आणि पाने घेऊन चाचा येणार आहेत. त्यांची अट एकच: ज्याने ट्यूबमध्ये सीलंट ओतलंय त्याने पंक्चर त्यांच्याकडे आणायचं नाही, त्या चिकट ट्यूबवर ठिगळ बसत नाही.