आधी गवत, मग चंदी



भादवा सरला, दसरा तोंडावर आला. माळावरचे गवत फुलावर येऊ लागले. बैलांना कडबा किती लागेल, याचा हिशेब तुम्ही मनाशी मांडलाच असेल. पण ज्यांच्या दारी घोडी बांधलेली आहे, त्यांच्याशी आज थोडे बोलायचे आहे. कोणी वरातीसाठी घोडी पाळतो, कोणी शर्यतीसाठी, मेंढपाळ बिऱ्हाडाचे ओझे वाहायला, तर कोणी हौसेपोटी सारंगखेड्याच्या यात्रेतून घेऊन येतो. घोडी आणताना पैसे मोजले जातात. गवत मात्र कोणी मोजत नाही. सगळी गफलत तिथेच होते.

आमच्या घरी एक तांबडी घोडी होती. एका वर्षी गवत फाल्गुनातच संपले. विकतचे गवत महाग, ज्वारी मात्र घरची. वडिलांनी विचार केला, गवत नाही तर नाही, चंदी वाढवू. तोबऱ्यात दुप्पट दाणा पडू लागला आणि पोट भरायला पुढे गव्हाचे भुसकट आले. आठ-दहा दिवस सारे ठीक दिसले. मग एका रात्री घोडी पाय आपटू लागली, मान वळवून कुशीकडे पाहू लागली, लोळू लागली. उजाडायच्या आत ती गेली. वडील पुढे कितीतरी वर्षे म्हणत, "तिला मी उपाशी नाही मारले, खाऊ घालून मारले."

असे का झाले? घोडी म्हणजे बैल नव्हे. बैल भराभर खातो आणि मग निवांत बसून रवंथ करतो. घोडीला रवंथ नाही. तिचे जठर लहान असते आणि गवत पचते ते मागच्या मोठ्या आतड्यात. मोकळी सोडली तर ती दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास थोडे थोडे चरत राहते. त्या आतड्याला सतत गवत हवे असते. एकदम जास्त दाणा गेला की तो तिथे आंबतो, वायू धरतो. नुसते भुसकट गेले तर ते आतड्यात तुंबते. आणि घोडीला उलटी होत नाही, म्हणून आत गेलेले बाहेर टाकण्याची सोयही नाही. तेव्हा गवताची तूट दाण्याने भरून निघत नाही, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा.

आता हिशेब करू. घोडीचे वजन घरच्या घरी काढता येते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४५ असली तर वजन सुमारे २७५ किलो येते. अशा घोडीला रोज वजनाच्या शंभरात दोन भाग, म्हणजे साडेपाच किलो वाळले गवत लागते. आठ महिन्यांचे २४० दिवस धरले तर १३ क्विंटल २० किलो झाले. पायदळी जाणारे आणि खराब होणारे धरून १५ क्विंटल गवत गंजीत हवे. पेंढ्या मोजून हे कळत नाही, कारण पेंढी लहान-मोठी असते. दहा पेंढ्या काट्यावर टाका आणि सरासरी काढा.

स्वस्ताईचे खरे मर्म कापणीच्या वेळेत आहे. गवत फुलावर आले की कापावे. दाणा पडून काडी पिवळी होईतो थांबलात तर भारा तेवढाच मिळतो, पण सत्त्व निघून गेलेले असते. मग ती उणीव भरायला विकतचा दाणा लागतो. मारवेल, शेडा, पवन्या ही आपल्या माळांवरची चांगली गवते. कुसळी असेल तर कुसळे धरण्याआधीच कापा, नाहीतर ती तोंडात आणि हिरड्यांत रुततात. गवत चांगले वाळल्याशिवाय गंज रचू नका. ओल्या गवताला बुरशी येते, आणि गंज आतून तापून कधी पेटही घेते.

चंदी किती द्यावी? बसून असलेल्या घोडीला चांगले गवत असेल तर चंदी लागतच नाही, लागलीच तर नावापुरती. कामाच्या घोडीला भिजवलेला हरभरा किंवा भरडलेला दाणा दिवसाला एक ते दीड किलो द्या, पण दोन वेळा विभागून. एका वेळी पाऊण किलोच्या वर नको, आणि चंदीच्या आधी थोडे गवत घाला. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी चंदी निम्म्यावर आणा. भुईमुगाचा बिनबुरशीचा पाला किंवा लसूणघास अर्धा-एक किलो मिळाला तर फार उत्तम. रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ द्या. पाणी पंधरा-वीस लिटर, उन्हाळ्यात कामावर असेल तर तीस लिटरपर्यंतही लागते.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. कोंबड्यांचे किंवा गुरांचे तयार खाद्य घोडीला घालू नका. त्यांतल्या काहींत मोनेन्सिन नावाचे औषध असते. गुरांना ते चालते, घोड्याचा जीव घेते. बुरशी धरलेला मका तसाच घातक आहे. कोवळी हिरवी ज्वारी नको. रोज नुसता गव्हाचा कोंडा घातला तर हाडांतला चुना कमी होतो. नुसत्या हत्तीगवतावरही घोडी ठेवू नये, त्यानेही चुना अडतो. आणि वरातीत पाहुणे कौतुकाने लाडू-जिलबी भरवू लागले तर हात जोडून नको म्हणा.

घोडीच्या फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवताच बोटांना लागाव्यात. तेवढे अंग पुरे. ती लीद टाकेनाशी झाली, सारखी कुशीकडे पाहू लागली, लोळू लागली तर पुढचे खाणे काढून घ्या आणि घरगुती औषधात वेळ न घालवता पशुवैद्याला बोलवा.

शेवटी एक जुनी आठवण सांगतो. राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ च्या आगेमागे, शिवछत्रपतींनी चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या आपल्या लोकांना एक पत्र लिहिले. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणा-गवत जपून वापरा, आज उधळाल तर ऐन पावसात घोडी मरतील आणि मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल, असा त्याचा आशय आहे. गवताजवळ चूल पेटवू नका, चिलीम ओढू नका, रात्री दिवा ठेवू नका, असेही त्यात बजावले आहे. एवढा मोठा राजा गवताच्या काडीचा हिशेब ठेवतो. आपल्या दारी तर एकच घोडी आहे.

तेव्हा येत्या पंधरा दिवसांत विळे पाजळा, गवत फुलावर असताना कापा, वाळवा, तोला आणि घरापासून थोडी लांब गंज रचा. गंजीत पंधरा क्विंटल भरले की मगच चंदीची चिंता करा.