बँकेच्या साहेबांनो, वेबसाइट एकदा बांधावर आणून बघा



हरभरा निघाला, तूर विकली, रान मोकळं झालं. इथं रोज पिकाचं लिहितो, आज बँकेचं लिहितो. कारण यंदा अळीनं जेवढं खाल्लं नाही तेवढं एका वेबसाइटनं खाल्लं.

झालं असं. माझं किसान क्रेडिट कार्डाचं पीककर्ज १ लाख ८० हजार. मुदतीचा शेवटचा दिवस रविवार. तुरीचे पैसे शुक्रवारी संध्याकाळी बचत खात्यात पडले. शनिवार महिन्यातला दुसरा, शाखा बंद. म्हणलं हरकत नाही, पोरानं नेट बँकिंग चालू करून दिलंय, कर्जखात्यात वळते करून टाकू. रक्कम लाखाच्या वर, म्हणून यूपीआयचं काम नव्हतं.

शनिवारी रात्री विहिरीजवळ बसलो, आमच्याकडं रेंज तिथंच येते. आधी त्या चौकटीतली वाकडी अक्षरं. शून्य आहे का इंग्रजी ओ, कळंना. मग ओटीपी. तो आला तोवर त्याची वेळ संपली. परत पहिल्यापासून. पासवर्डात एक अक्षर मोठं, एक आकडा, एक चिन्ह. तीनदा चुकला आणि स्क्रीनवर इंग्रजीत पाटी आली. पोराला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "बाबा, २४ तासांसाठी लॉक झालं." रविवारी रात्री उघडायला गेलो तर साइटचं दुरुस्तीचं काम चालू. बारा वाजले, मुदत गेली.

सोमवारी शाखेत गेलो. साहेब म्हणाले, "ऑनलाइन तर चालू होतं की."

आता हिशोब बघा. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज, वेळेत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत, म्हणजे पडतं ४ टक्के. १ लाख ८० हजारांवर ३ टक्के म्हणजे वर्षाचे ५,४०० रुपये. १,३५० च्या भावानं डीएपीच्या ४ गोण्या. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतली व्याज सवलत पण वेळेत भरणाऱ्यालाच, ती वेगळीच. पैसे खात्यात होते, भरायची इच्छा होती, तरी मी थकबाकीदार.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "शेतकऱ्यांना ऑनलाइन जमत नाही, त्यांना प्रशिक्षण द्या." हे मला मान्य नाही. यूपीआय २०१६ साली आलं. आज खताच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, पोराच्या वसतिगृहाला आम्हीच पैसे पाठवतो. त्याचं शिबिर कुणी घेतलं होतं? कोड धरा, रक्कम टाका, पिन टाका, झालं. तोच माणूस, तोच मोबाईल, तेच बोट. मग एक जमतं आणि दुसरं जमत नाही, तर खोट कुणात आहे?

कृषी अधिकारी आणि कंपनीचे लोकही हे पान वाचतात, त्यांना एक ओळखीचं उदाहरण देतो. औषधाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. शाळेचं तोंड न बघितलेला फवारणीवालाही लाल बघितलं की सावध होतो. ज्यानं तो त्रिकोण ठरवला त्यानं वापरणारा कोण आहे याचा आधी विचार केला. बँकेनं काय केलं? मुदतीची तारीख चार पानं आत, 'आउटस्टँडिंग', 'अक्रुड इंटरेस्ट', 'ड्रॉइंग पॉवर' असल्या शब्दांत पुरून ठेवली. आणि उघडल्या उघडल्या पहिल्या पानावर काय, तर गाडीच्या कर्जाची हलती जाहिरात.

दुसरं उत्तर येतं सुरक्षेचं. "अवघड ठेवावं लागतं, नाहीतर चोरी होईल." अहो, अवघड आहे म्हणूनच चोरी होते. ज्याला जमत नाही तो मोबाईल दुसऱ्याच्या हातात देतो, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतो. अडला की गुगलवर बँकेचा नंबर शोधतो, तिथं भामट्यानं टाकलेला नंबर सापडतो, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना वेबसाइटचा पत्ता 'बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं, म्हणजे खरी साइट कोणती ते ओळखू यावं. चांगलं केलं. पण घर ओळखू आलं तरी दाराची कडी आम्हाला निघाली पाहिजे ना.

ओटीपी असू द्या, पिन असू द्या, त्याला आमची ना नाही. आमचं मागणं एवढंच:

१. उघडलं की पहिल्याच पानावर तीन गोष्टी मोठ्या अक्षरात. कर्ज किती, आज भरलं तर किती, शेवटची तारीख कोणती. तारीख जवळ आली की रंग बदलू द्या, औषधाच्या डब्यासारखा.

२. सगळं मराठीत, आणि आमच्या मराठीत. 'देय थकीत शेष' नको, 'बाकी' लिहा. शाखेतले छापील फॉर्म, पासबुक इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असावेत असं रिझर्व्ह बँकच सांगते. मग तीच बँक मोबाईलमध्ये गेली की मराठी कुठं जाते?

३. चुकलं तर काय चुकलं आणि आता काय करायचं, ते सरळ सांगा. नुसता लाल आकडा टाकून मोकळं होऊ नका.

४. रेंज तुटली तर भरलेलं पुसू नका. जिथं थांबलो तिथनं पुढं जाऊ द्या.

५. शेवटच्या दिवशी साइट बंद असेल तर मुदत एक दिवस पुढं न्या. बंद तुमचं, दंड आमचा, हा कुठला न्याय?

आणि साइट चालू करायच्या आधी एक करा. सुतार नवी तिफण केली की शेतात येतो, दोन तासं मारून बघतो, चाड्यातनं बी नीट पडत नसलं तर परत घेऊन जातो. "तुमच्या बैलांना शिकवा," असं म्हणत नाही. तसं तुम्हीही पाच शेतकरी धरा. भर दुपारी, उन्हात, मातीच्या हातात मोबाईल द्या आणि गप उभं राहून बघा, बोट कुठं अडतंय. एसीत बसून शंभर बैठका घेऊन जे कळणार नाही ते अर्ध्या तासात कळंल.

मित्रांनो, कर्जाची तारीख आजच शाखेतून लिहून आणा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन लावा. तुमच्याकडं काय घडलंय ते खाली लिहा. खाते नंबर मात्र लिहू नका!