सिकलसेल आणि जमातीची ओळख : तपासणीनंतरचे आव्हान

नवी दिल्ली : सिकलसेल अ‍ॅनिमियाच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने हाती घेतलेल्या राष्ट्रीय मोहिमेत जुलै 2025 पर्यंत सहा कोटींहून अधिक नागरिकांची तपासणी झाली. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला होता. 17 राज्यांतील आदिवासीबहुल भागांत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी नागरिकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीचा आकडा उद्दिष्टाजवळ आला असताना, या आजाराचा विशिष्ट समाजांशी असलेला संबंध नेमका कसा समजून घ्यायचा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भारतात या विकाराची नोंद 1952 मध्ये नीलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. त्यामुळे ‘आदिवासींचा आजार’ अशी त्याची ओळख रूढ झाली. मात्र त्याचे मूळ हिवतापात आहे. सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकाला तीव्र हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतील संशोधनातून मांडले. म्हणूनच हिवतापग्रस्त प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. आफ्रिकेबरोबरच सौदी अरेबिया आणि ग्रीसमध्येही ते आढळते.

महाराष्ट्रात नंदुरबारमधील भिल्ल व पावरा, तसेच गडचिरोलीतील गोंड व माडिया समाजांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. विदर्भात महार, कुणबी आणि तेली समाजांतही ते आढळतात. याचा अर्थ, जमात ही जोखमीची खूण ठरू शकते, पण ती आजाराचे कारण नाही. समाजांतर्गत विवाहांमुळे जनुक त्या-त्या समाजात एकवटते, इतकेच. केवळ आदिवासी ओळखीवर भर दिल्यास बिगर-आदिवासी रुग्ण आणि रोजगारासाठी शहरांत स्थलांतरित झालेली कुटुंबे निदानापासून वंचित राहण्याचा धोका आहे.

आजाराच्या तीव्रतेबाबतही सरसकट निष्कर्ष काढता येत नाहीत. भारतीय रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याने आजार सौम्य असतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. मध्य भारतातील बालरुग्णांमध्ये मात्र तीव्र वेदना, जंतुसंसर्ग आणि वारंवार रक्त द्यावे लागणे असे गंभीर स्वरूपही दिसून आले आहे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. ते नियमित घ्यावे लागते आणि त्यासाठी वेळोवेळी रक्ततपासणी आवश्यक असते. दुर्गम पाड्यावरील रुग्णाच्या प्रकृतीचे भवितव्य म्हणूनच जनुकाइतकेच जवळच्या आरोग्य केंद्रातील औषधसाठ्यावरही अवलंबून असते.

आतापर्यंतच्या तपासणीत दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि 16 लाखांहून अधिक वाहक आढळले आहेत. वाहक सामान्यतः निरोगी जीवन जगतात. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. त्यामुळे विवाहपूर्व समुपदेशनासाठी सिकलसेल कार्ड उपयुक्त आहे. तथापि, वाहक आणि रुग्ण यांतील फरक न समजावता दिलेले कार्ड विवाह मोडण्याचे निमित्त ठरू शकते आणि त्याची झळ प्रामुख्याने मुलींना बसू शकते.

तपासणीचा टप्पा ठरावीक मुदतीत पूर्ण होईल; उपचार मात्र आयुष्यभराचे आहेत. निदान झालेल्यांपैकी किती जणांना नियमित औषध आणि योग्य समुपदेशन मिळते, यावरच मोहिमेचे यश ठरेल.