पर्यायी इको-सॉल्व्हंट शाई : लिटरमागे पैसे वाचतात, पण हेड गेलं तर?

दवाखान्याची पाटी, दुकानाच्या काचेवरचं वन वे व्हिजन, टेम्पोवर चिकटवलेली जाहिरात. या गोष्टी बऱ्याचदा इको-सॉल्व्हंट मशीनवर छापलेल्या असतात. (चौकातल्या शुभेच्छांच्या मोठ्या फ्लेक्सचं मशीन सहसा वेगळं असतं, त्यात जास्त तीव्र सॉल्व्हंट शाई वापरतात.) असं मशीन चालवणाऱ्याला कधी ना कधी ऑफर येतेच, "कंपनीची शाई कशाला? आमची घ्या, स्वस्तात पडेल." ही शाई घ्यावी का? समजून घेऊ.

शाईत नेमकं काय असतं?

रंगाचे अतिसूक्ष्म कण, त्यांना धरून ठेवणारं रेझिन आणि सॉल्व्हंट. सॉल्व्हंट विनाइलचा वरचा थर किंचित मऊ करतं, त्यामुळे रंग पक्का बसतो. हेडचं नोझल केसापेक्षाही बारीक असतं. कण मोठे असले किंवा शाई जास्त घट्ट असली, की नोझल तुंबतं.

'इको' या शब्दावर जाऊ नका. वास आणि वाफ कमी, एवढाच त्याचा अर्थ. अनेक शायांमध्ये ग्लायकॉल ईथर गटातली रसायनं असतात, त्यामुळे खोलीत हवा खेळती हवीच.

पर्यायी म्हणजे डुप्लिकेट का?

नाही. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेली शाई ही पर्यायी. रोलँड, मिमाकी किंवा एप्सनचं खोटं लेबल लावलेली शाई ही बनावट. पहिली हा धंद्यातला पर्याय आहे, दुसरी फसवणूक.

खरंच किती वाचतं?

एक उदाहरण घेऊ. एका चौरस मीटरला 10 मिलीलिटर शाई लागते आणि पर्यायी शाईमुळे लिटरमागे 4,000 रुपये वाचतात, असं समजा. म्हणजे चौरस मीटरला 40 रुपये, स्क्वेअर फुटाला साधारण पावणेचार रुपये.

महिन्याला 1,000 स्क्वेअर फूट काम करणाऱ्याचे सुमारे 3,700 रुपये वाचतील. 10,000 स्क्वेअर फूट करणाऱ्याचे 37,000. आता शाईमुळे हेड गेलं आणि नव्या हेडला 1 लाख लागले, असं धरा. मोठ्या दुकानाची तीन महिन्यांची बचत जाईल. छोट्या दुकानाची मात्र सव्वादोन वर्षांची.

म्हणजे स्वस्त शाईचा मोह ज्याला जास्त, त्याच छोट्या दुकानदाराला फायदा कमी आणि धोका मोठा.

वॉरंटीचं काय?

दोन वॉरंट्या वेगळ्या समजून घ्या. पहिली मशीनची. शाई बदलली तर हेडचा दावा नाकारला जाऊ शकतो, म्हणून करारातल्या अटी आधी वाचा. दुसरी छापलेल्या ग्राफिकची. थ्रीएम, एव्हरी डेनिसन यांच्यासारख्या फिल्म कंपन्या तयार ग्राफिकची हमी देतात, ती ठरावीक फिल्म, शाई आणि लॅमिनेशन एकत्र वापरलं तरच. गिऱ्हाइकाला काही वर्षांची लेखी हमी देत असाल, तर शाई बदलणं म्हणजे ती जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेणं.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्क खटल्यात ठरवलं, की कार्ट्रिज एकदा विकलं की कंपनीचा त्यावरचा पेटंट हक्क संपतो. पण तो निकाल पेटंटबद्दल होता, वॉरंटीबद्दल नाही.

भारतात 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं, ते शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चार क्षेत्रांपासून. छपाईची मोठी मशीन त्या यादीत वेगळी नव्हती. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 'ग्राहक' ठरत नाही. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरत असेल, तर ठरतो. एकट्याने दुकान चालवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

मग घ्यायची कधी?

मशीन वॉरंटीबाहेर आहे, काम भरपूर आहे आणि बहुतेक छपाई स्टँडी, सेलचे पोस्टर अशी थोड्या दिवसांची आहे, तर विचार करायला हरकत नाही. गाडीचं रॅपिंग आणि वर्षानुवर्षं उन्हात राहणाऱ्या पाट्या असतील, तर मूळ शाईच बरी.

घेण्याआधी एवढं करा :

- शाई तुमच्या हेडच्या मॉडेलसाठीच आहे का, ते लेखी घ्या. चिप लागत असेल तर तीही विचारा.
- बॅच नंबर, मुदत आणि सुरक्षा माहितीपत्रक मागा.
- जुन्या शाईत नवी थेट मिसळू नका. दोन्ही जमतात का ते आधी विचारा, नाहीतर लाइन फ्लश करा.
- नवं रंग प्रोफाइल बनवा. नाहीतर गिऱ्हाइकाच्या लोगोचा लाल केशरी दिसेल.
- एक नमुना महिनाभर उन्हात लावा, मग खरवडून बघा. रोज नोझल चेकची प्रिंट जपून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विक्रेत्याला विचारा, "हेड खराब झालं तर भरपाई देणार का? लिहून द्या." त्याने टाळाटाळ केली, तर ती शाई घेऊ नका.