वसाहतींचा पुनर्विकास आणि शेजाऱ्यांचे म्हणणे

दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी केलेल्या मराठी माणसाला सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर ही नावे परकी नाहीत. आपल्यापैकी अनेकांचा परप्रांतातला पहिला संसार अशाच एखाद्या दुमजली सरकारी क्वार्टरमध्ये थाटला गेला. पुढे अंगण, मागे कडुनिंब किंवा जांभूळ, आणि कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करणारे कुटुंब. मीही अशा घरांत राहिलो आहे, त्यामुळे या विषयात मी पूर्णपणे तटस्थ आहे असा माझा दावा नाही.

जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दक्षिण दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी घरे, आणि तीस वर्षांच्या देखभालीसह अंदाजित खर्च ३२,८३५ कोटी रुपये. हा पैसा अर्थसंकल्पातून यावयाचा नव्हता. नौरोजी नगर व सरोजिनी नगरचा काही भाग येथे व्यापारी जागा बांधून, त्या विकून तो उभारावयाचा होता. घरांची गरज खरी होती, याबद्दल दुमत असू नये. बदलीवर आलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याच्या खोलीत किती दिवस काढावे लागतात, हे ज्याने भोगले आहे त्याला सांगावयास नको.

परंतु अशा योजनेला 'सरकारी तिजोरीवर भार नाही' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी थबकतो. भार नाही असे कधीच होत नाही, तो दुसरीकडे सरकतो. नौरोजी नगर रिंग रोडला लागून आहे. शेजारी भिकाजी कामा प्लेस, आणि जवळच सफदरजंग रुग्णालय व एम्स. तेथे कार्यालयांची जागा विकली जाते, तेव्हा जमिनीबरोबर त्या रस्त्याची वहनक्षमता, परिसराचे पाणी आणि मलनिस्सारणाची सोय यांतला वाटाही विकला जातो. त्याचे मूल्य विक्रीच्या हिशेबात कोठेच येत नाही. ते आसपासचे रहिवासी चुकवतात, आणि गर्दीत अडकलेली रुग्णवाहिकाही चुकवते. (ज्या दादाभाईंनी देशाच्या संपत्तीचा ओघ कोठे वाहतो याचा हिशेब मांडला, त्यांच्याच नावाच्या वसाहतीत हे घडावे! असो.)

जून २०१८ मध्ये झाडे तोडली जाऊ लागली तेव्हा लोक रस्त्यावर आले. चौदा ते सोळा हजार झाडे जाणार, असे आकडे वृत्तपत्रांत येत होते. लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले, एका अस्थिरोगतज्ज्ञाने उच्च न्यायालयात याचिका केली, आणि वृक्षतोड थांबली. पुढे मंत्रालयाने आराखडे फेरतपासून झाडे वाचविण्याचे जाहीर केले. एका झाडामागे दहा रोपे लावण्याचा नियम त्या वेळी वारंवार सांगितला गेला. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला लावलेले रोप सरोजिनी नगरच्या उन्हाळ्याला उपयोगी पडत नाही, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न निराळा आहे. जे फेरविचार २०१८ मध्ये न्यायालयाच्या दारात सुचले, ते आधी का सुचू नयेत? १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेने बांधकाम व नगरवसाहत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. खाणीसाठी गावकऱ्यांना बोलाविले जाते. राजधानीत हजारो घरे व मनोरे उभारताना शेजाऱ्याला विचारण्याचे कायदेशीर बंधन नाही. मूल्यांकनाचा अहवाल प्रकल्पकर्त्याने नेमलेला सल्लागार तयार करतो. त्यातच मंत्रिमंडळाची मंजुरी सातही वसाहतींना एकत्र, पण पर्यावरणीय परवानग्या वसाहतवार. परिणामी एकत्रित वाहतूक आणि एकत्रित पाणी यांचा विचार करणे हे कोणत्याही एका फाइलीचे काम उरले नाही.

आमच्या कचेऱ्यांत रहिवाशांच्या हरकतींना 'अडथळा' समजण्याची वृत्ती आहे. काही हरकती निव्वळ स्वार्थाच्या असतात, हे मला मान्य आहे. स्वतःच्या दारातील पार्किंग जाऊ नये म्हणून पर्यावरणाचा जप करणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. तरीही संध्याकाळी कोणत्या वळणावर वाहने तुंबतात, कोणत्या गल्लीत पाणी चढत नाही, पहिल्या पावसात कोणता नाला उलटा वाहतो, ही माहिती नकाशात नसते. ती तेथे राहणाऱ्याजवळच असते, आणि तो ती फुकट देत असतो.

दिल्लीत आणि दिल्लीबाहेरही सरकारी जमिनींवर असे प्रकल्प येत राहणार आहेत. तेव्हा आराखडा कायम होण्यापूर्वी वाहतूक, पाणी व झाडे यांचा तपशील स्थानिक भाषेत वसाहतीच्या फाटकावर लावावा, महिनाभर हरकती घ्याव्यात, आणि प्रत्येक हरकतीवर काय निर्णय झाला व का, हे सक्षम अधिकाऱ्याने लेखी कळवावे. यासाठी अधिसूचना बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जमीन सरकारची, प्रकल्प सरकारचा. मंत्रालयाचा एक कार्यालयीन आदेश त्यास पुरेसा आहे.