घाट, वळण आणि वजन: जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांना साजेशी मजेची गाडी कोणती?

१/ पुण्याहून नाशिककडे जाताना चाकण, राजगुरुनगर, मंचर आणि नारायणगाव ही गावे ओळीने लागतात. मंचरहून डावीकडे वळले की घोडेगाव, डिंभे धरण आणि पुढे भीमाशंकर. नारायणगावहून डावीकडे वळले की जुन्नर, चावंड, घाटघर आणि शेवटी नाणेघाट. ओतूर-मढमार्गे माळशेज. शनिवार-रविवारी या वाटांवर तरुण चालकांची गर्दी असते आणि त्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: खिशाला परवडेल आणि वळणांवर खरी मजा देईल अशी गाडी कोणती? या प्रश्नाचे उत्तर याच डोंगरांच्या इतिहासात सापडते. त्यासाठी हा धागा.

२/ उत्तर आधीच सांगून टाकणे बरे. गाडी हलकी असावी, बुटकी असावी, इंजिन लहान पण तत्पर असावे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताशी ४०-५० किलोमीटरच्या वेगातही तिने चालकाला आनंद द्यावा. अश्वशक्तीचा आकडा यादीत शेवटी यावा. या मताची कारणे पुढे क्रमाने येतात.

३/ सुरुवात नाणेघाटापासून. कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल सातवाहनकाळात या घाटाने जुन्नरला आणि तेथून पैठणकडे जाई. घाटमाथ्याच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध लेख आहे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, अशी लोकपरंपरा आहे. मात्र या राजमार्गाची एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: तो चाकांसाठी नव्हता. कातळात खोदलेल्या पायऱ्यांची ही वाट माणसांची आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांची होती. आजही मोटार माथ्यापर्यंतच जाते. खाली कोकणात उतरायचे ते पायीच.

४/ पायाने चालणाऱ्याला पायरी चालते, चाकाला चालत नाही. चाकाला सौम्य चढ हवा. चढ सौम्य करायचा तर रस्ता लांबवावा लागतो आणि अरुंद कड्यावर लांब रस्ता बसवायचा तर तो दुमडावा लागतो. बोरघाटात चाकांच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता १८३० मध्ये खुला झाला, तो याच तत्त्वावर. सह्याद्रीतील मोटाररस्ते त्याच परंपरेतले आहेत. घाटाचे वळण म्हणजे चाकाने डोंगराशी केलेली तडजोड होय. वळणाच्या रस्त्यासाठी वाहन निवडताना ही तडजोड विसरणारा मनुष्य चुकीचे वाहन निवडतो.

५/ आता थोडे गणित. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, वळणाची त्रिज्या ४० मीटर आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गेल्यास टायरांना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३० टक्के इतका आडवा जोर सोसावा लागतो. ताशी ६० ने गेल्यास तोच जोर ७० टक्क्यांवर जातो. वेग दीडपट झाला, पण जोर सव्वादोनपट झाला. कोरड्या डांबरावर चांगला टायर हे कसेबसे पेलतो. ओल्या, शेवाळलेल्या किंवा खडी पसरलेल्या वळणावर पेलत नाही.

६/ त्यात वजन येते. १,००० किलोची आणि १,७०० किलोची गाडी एकाच वेगाने उतरत असतील, तर दुसरीच्या ब्रेकना ७० टक्के अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. गाडी उंच असेल तर वळणावर भार बाहेरच्या टायरांवर अधिक ढकलला जातो आणि शरीर अधिक झुकते. मोठे इंजिन सरळ चढावर या वजनाची भरपाई करते. वळणावर आणि उतारावर ते काहीही करू शकत नाही. घाटात सरळ रस्ता असतोच किती?

७/ हे शहाणपण जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावे लागलेले नाही. या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीच्या चढत्या धावपट्टीलाच ‘घाट’ म्हणतात. एका वेळी एक गाडा सुटतो, पुढे घोडी धावते आणि बारीचा हिशेब सेकंदांत होतो. शर्यतीचा गाडा पाहिला तर लक्षात येते की त्यात अनावश्यक लाकूड ठेवलेले नसते. ऊस वाहणारी बैलगाडी वेगळी आणि यात्रेत धावणारा गाडा वेगळा. ओझ्याची गाडी घाटात जुंपून कोणी तिला शर्यतीचा गाडा म्हणत नाही.

८/ मोटारींच्या बाजारात मात्र नेमके तेच चालले आहे. उंच, जड, प्रशस्त वाहनावर ‘स्पोर्ट’ हे अक्षर चिकटवले जाते, छपरावर काच बसते, ड्रायव्हिंगच्या ‘मोड’चे बटण येते आणि तरुण ग्राहक त्यालाच मजेची गाडी समजतो. त्या वाहनाचे अन्य गुण खरे असतील. प्रवासी, सामान आणि खडबडीत वाट यांसाठी ते योग्यही असेल. पण ती ओझ्याची गाडी आहे, शर्यतीचा गाडा नव्हे.

९/ जगाचा अनुभवही हेच सांगतो. मिनी कूपर एस या ब्रिटिश पिटुकल्या गाडीने आल्प्सच्या वळणांतून जाणारी माँटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा जिंकली. १९६५ च्या रॅलीत तुफान हिमवर्षाव झाला आणि बहुसंख्य स्पर्धक शेवटपर्यंत पोहोचलेच नाहीत. तेव्हा विजयी गाडीचे इंजिन १,२७५ सीसीचे होते. निसरड्या घाटात शक्तीला फारसे काम उरत नाही. हलकेपणा आणि पुढच्या चाकांची पकड उपयोगी पडते, हे तेथे दिसून आले.

१०/ १९७६ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली. १.६ लिटरचे इंजिन, ११० अश्वशक्ती, वजन आठशे किलोंच्या आसपास. कंपनीचा अंदाज ५,००० गाड्यांचा होता. पहिल्याच पिढीच्या चार लाखांहून अधिक खपल्या. १९८९ मध्ये माझदाची एमएक्स-५ आली. दोन आसने, १.६ लिटरचे इंजिन, वजन हजार किलोंच्या आत. तिच्या अभियंत्यांनी ध्येय म्हणून ‘जिनबा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग स्वीकारला; त्याचा अर्थ घोडा आणि स्वार यांचे एकरूप होणे. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये.

११/ एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. पण महाराष्ट्राच्या कारखान्यांतून तिच्या जातीच्या नसल्या तरी तिच्या वृत्तीच्या काही गाड्या बाहेर पडल्या. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या फियाट पालिओची १.६ लिटरची आवृत्ती २००१ मध्ये आली. शक्ती १०० अश्वशक्ती. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली. १,३६८ सीसी, १४५ अश्वशक्ती आणि दिल्लीतील शोरूम किंमत ९.९५ लाख रुपये.

१२/ आणि चाकण. फोक्सवॅगनच्या तेथील कारखान्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले. २०१३ मध्ये तेथील पोलोची जीटी टीएसआय ही आवृत्ती आली. १,१९७ सीसी, १०५ अश्वशक्ती, आरंभीची किंमत ७.९९ लाख. २०२० मध्ये तिची जागा १ लिटर, ११० अश्वशक्तीच्या इंजिनाने घेतली आणि हाताने टाकायचे सहा गिअर मिळू लागले. म्हणजे मंचरच्या मुलाला हवी ती गाडी त्याच्याच महामार्गावर, शेजारच्या तालुक्यात तयार होत होती. २०२२ मध्ये भारतातील पोलोचे उत्पादन थांबले. पुंटो त्याआधीच गेली होती.

१३/ या गाड्या का गेल्या? ग्राहकाची बदललेली आवड हे एक कारण आहे, पण त्या आवडीला करव्यवस्थेने वाट करून दिली. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. ‘लहान’ची व्याख्या अशी: लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. त्यामुळे १.४ किंवा १.६ लिटरची चपळ छोटी गाडी ‘मोठी’ ठरली आणि महागली. याउलट लांबी चार मीटरवर कापून उंची आणि वजन हवे तेवढे वाढवलेले वाहन ‘लहान’ राहिले. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या १८ आणि ४० टक्क्यांच्या नव्या टप्प्यांतही पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांसाठी हीच मापे कायम आहेत.

१४/ येथे धोरणाचा मुद्दा स्पष्टपणे मांडायला हवा. रस्ता झिजतो तो वजनाने. धडकेत समोरच्याला इजा होते ती वजन आणि वेग यांनी. इंधन जळते तेही बव्हंशी वजनापायी. असे असताना कर लांबी आणि इंजिनाच्या आकारावर आकारणे तर्काला धरून नाही. कराची पायरी वजनावर ठरली, तर हलकी गाडी पुन्हा परवडेल आणि ‘मजेची गाडी’ ही श्रीमंतांची चैन राहणार नाही.

१५/ एक आक्षेप न्याय्य आहे. खड्डे, गतिरोधक, शेतरस्ता, घरातील पाच माणसे आणि टोमॅटोचे क्रेट यांचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याने उंच गाडी घेतली, तर त्याला मूर्ख ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती गरज आहे. प्रस्तुत मत फक्त वळणांच्या आनंदासाठी पैसे मोजणाऱ्याविषयी आहे. गरजेची गाडी गरजेसाठी घ्यावी; आनंदाची गाडी घेताना मात्र दोन्हींची सरमिसळ करू नये.

१६/ मग आज काय घ्यावे? अंदाजपत्रक बेताचे असेल तर मारुती स्विफ्टच्या अलीकडच्या पिढ्या. वजन नऊशे किलोंच्या आसपास, शक्ती ८०-९० अश्वशक्ती आणि दुरुस्ती कोणत्याही तालुक्याच्या गावी. जुन्या बाजारात पोलोची १ लिटर टीएसआय, हाताच्या गिअरची. टर्बो इंजिन हवे असेल, तर १२० अश्वशक्तीच्या ह्युंदाई आय-२० एन लाइन (२०२१) आणि टाटा अल्ट्रोझ रेसर (२०२४). दोन्ही बाजारात आल्या तेव्हा त्यांची सुरुवातीची किंमत १० लाखांच्या आत होती. या लेखाचा कौल मात्र पहिल्या पर्यायाला आहे, कारण त्यात वाचलेले पैसे योग्य जागी खर्च करता येतात.

१७/ योग्य जागा म्हणजे टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन. जुनी गाडी घेताना टायरांवरील उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष वाचावे. नक्षी शिल्लक असली तरी रबर जुने झाले की पकड जाते. ब्रेकचे तेल बदलल्याची नोंद मागावी, चाके सरळ रेषेत आहेत का ते तपासावे, अपघाताच्या खुणा लिफ्टवर चढवून खालून पाहाव्यात. उतरताना खालचा गिअर ठेवावा म्हणजे इंजिनच गाडी रोखते. चांगल्या टायरांचा संच इंजिनातील २० जास्तीच्या अश्वशक्तींहून घाटात अधिक मोलाचा असतो.

१८/ शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा: हा रस्ता कोणाचा? भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या वाटेवर महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. वळणापलीकडे शाळेतून परतणारी मुले असतात, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया असतात, गुरे असतात. हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात. रात्री उसाच्या फडातून बिबट्या रस्त्यावर येतो. पावसाळ्यात डोंगरच सुटतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले, त्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली. या रस्त्यावर दिसत नाही त्या वळणापलीकडे काहीही असू शकते, हे गृहीतच धरावे लागते.

१९/ म्हणूनच अश्वशक्तीचा प्रश्न केवळ आवडीचा उरत नाही. तीनशे अश्वशक्तीची गाडी ताशी ५० च्या वेगात कंटाळते आणि चालकालाही कंटाळवते. ती शंभरची मागणी करते आणि त्या शंभराची किंमत वाडीतील माणूस मोजतो. नऊशे किलोंच्या छोट्या गाडीत ताशी ५० लाही स्टिअरिंग बोलते, गिअर बदलण्याला अर्थ असतो, वळण नीट साधल्याचे समाधान मिळते. कमी वेगात भरपूर आनंद देणारी गाडी ही स्वस्त तर असतेच, पण ती शेजाऱ्याची काळजी घेणारीही असते.

२०/ नाणेघाटातून मालाचे तांडे गेले, तेव्हा प्रत्येक जनावरावर किती ओझे घालायचे हे घाट ठरवत असे, व्यापारी नव्हे. जास्त लादणाऱ्याचा बैल पायरीवर बसे. मोटारीच्या खरेदीतही डोंगराला आधी विचारावे आणि शोरूमला नंतर. त्याचे उत्तर ठरलेले आहे: ओझे कमी करा, मग या.