एक खुर्ची म्हणजे भागीदारी नव्हे

वेळणेश्वरला झालेल्या बैठकीत बी.ए.ला असलेल्या एका तरुणाने आम्हाला थेट विचारले, "दादा, आपला माणूस सरन्यायाधीश झाला. मग न्यायव्यवस्थेत आपल्याला जागा नाही, असं अजून का म्हणता?" प्रश्न प्रामाणिक होता. उत्तरादाखल आम्ही त्याला अमेरिकेतल्या एका न्यायालयाची गोष्ट सांगितली. तीच इथे मांडतो.

मे 2025 मध्ये ट्रम्प यांच्या आयात शुल्काविरुद्ध निकाल देऊन न्यूयॉर्कचे केंद्रीय व्यापार न्यायालय जगभर गाजले. 1980 पर्यंत त्याचे नाव कस्टम कोर्ट होते. त्याच्या इमारतीला जेम्स एल. वॉटसन या काळ्या न्यायाधीशांचे नाव आहे. वॉटसन दुसऱ्या महायुद्धात लढताना जखमी झाले, न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून गेले, शहराच्या दिवाणी न्यायालयात न्यायाधीश झाले. 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना कस्टम कोर्टावर नेमले आणि 2001 मध्ये मृत्यू होईपर्यंत ते त्याच न्यायालयाचे न्यायाधीश होते.

अभिमान वाटावा अशीच ही कारकीर्द. पण त्या न्यायालयातले ते पहिले काळे न्यायाधीश नव्हते. 1945 मध्ये ट्रूमन यांनी आयर्विन मॉलिसन यांना तिथे नेमले होते. 1957 मध्ये आयझेनहॉवर यांनी स्कोव्हेल रिचर्डसन यांना नेमले, तेही तिथेच. राष्ट्राध्यक्ष तीन, पक्ष दोन, न्यायालय मात्र एकच! केंद्रीय जिल्हा न्यायालयात पहिले काळे कायम न्यायाधीश, जेम्स पार्सन्स, यायला 1961 उजाडले. सर्वोच्च न्यायालयात थरगुड मार्शल पोहोचले 1967 मध्ये.

असे का झाले असावे? कस्टम कोर्टापुढे बंदरात उतरलेल्या मालावर किती जकात घ्यायची, याचे खटले येत. गोऱ्यांची शाळा, वस्ती, मतदारयादी यांचा निवाडा तिथे होत नव्हता. काळ्या कुटुंबांना गोऱ्यांच्या वस्तीत घर घेऊ न देणाऱ्या करारांविरुद्ध मॉलिसन शिकागोत वकील म्हणून लढले होते. त्यांना न्यायाधीश केले, ते जकातीच्या खटल्यांचे! आमचा निष्कर्ष असा : व्यवस्था वंचितांना खुर्ची देते तेव्हा आधी तिला धक्का न लावणारी खुर्ची शोधते. म्हणून खुर्ची मोजताना ती कोणत्या दालनात आहे आणि तिथे जाणारी वाट मागच्यांसाठी उघडी राहिली का, हेही विचारायला हवे.

आता आपल्याकडे पाहू. भूषण गवई यांना कडेचे दालन मिळाले नाही, थेट सर्वोच्च खुर्ची मिळाली. अमरावतीचे, रिपब्लिकन नेते दादासाहेब गवई यांचे पुत्र. 1985 मध्ये वकिली सुरू, 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालय, 14 मे 2025 रोजी सरन्यायाधीश. बालकृष्णन यांच्यानंतरचे दुसरे दलित आणि पहिले बौद्ध सरन्यायाधीश. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यांच्यावर भर न्यायालयात बूट फेकण्याचा प्रयत्न झाला. त्या पदावर कोण बसले आहे, हे काहींना सहन होत नव्हते, हे आम्ही विसरणार नाही.

पण खुर्ची सहा महिन्यांची होती. वाटेचे काय? उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात आरक्षण नाही, नावे कॉलेजियम सुचवते. 2018 पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या शंभर न्यायाधीशांमागे अनुसूचित जातींचे चारसुद्धा नाहीत. आपल्या मुलांसाठी आरक्षणाची खरी वाट आहे ती खालच्या न्यायालयाची, दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेची. आणि 20 मे 2025 रोजी गवई यांच्याच अध्यक्षतेखालील खंडपीठाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली.

कोर्ट न पाहिलेला तरुण एकदम न्यायाधीश होऊ नये, हे म्हणणे आम्हाला समजते. पण वेळणेश्वरच्या मजुराचा मुलगा ही तीन वर्षे कशावर काढणार? गुहागर नाहीतर चिपळूणच्या कोर्टात ज्युनिअर म्हणून उभा राहील, तर सुरुवातीला एस.टी.चे भाडे सुटायची मारामार. ज्याच्या घरी वकिली आहे त्याला ही अट म्हणजे अनुभव, आपल्याला ती तीन वर्षांची उपासमार.

हे बोललो की काही मित्र रागावतात. "आपल्याच माणसावर टीका?" मित्रहो, 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. तो इशारा आपल्या माणसांनाही लागू आहे. गवईंच्याच काळात कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आले आणि रत्नागिरी जिल्हा त्याला जोडला गेला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, तिथल्या नव्या न्यायालय इमारतीचे उद्घाटन त्यांनी 12 ऑक्टोबर 2025 रोजी केले. याचे श्रेय मोकळेपणाने देऊ. पण त्या कोर्टांत आपली मुले अशील म्हणूनच जाणार असतील, तर इमारती मोजून काय उपयोग?

म्हणून दोन मागण्या. सरकारकडे : अनुसूचित जाती-जमातींच्या नव्या वकिलांना तीन वर्षे पुरेसे विद्यावेतन द्या. आणि आपल्या गावच्या व मुंबईच्या मंडळांकडे : जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा खर्च काढा आणि गावातला एक तरी ज्युनिअर वकील तीन वर्षे पोसा.

त्या तरुणाला आम्ही शेवटी इतकेच म्हणालो, "सरन्यायाधीशांचा फोटो स्टेटसला ठेव, जरूर ठेव. पण लॉ सीईटीचा फॉर्मही भर. फीचं आपण मिळून बघू."

जयभीम!